मल्लप्पा नको, कियान हवा

जानेवारीत पुतण्याच्या मुलाचं बारसं झालं. सोलापुरात गड्ड्याचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. बाळाला पाळण्याच्या खालून-वरून घेऊन झालं, आत्याने त्याच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर पोरांचे धपाटे खाल्ले आणि जाहीर केलं, "कियान!" टाळ्या पडल्या. मग कुणीतरी विचारलं, "अर्थ काय?" हल्ली हा प्रश्न बारशाचा विधीच झाला आहे. आत्याने फोन काढला आणि वाचून दाखवलं, "राजा. संस्कृत शब्द आहे." पुन्हा टाळ्या.

कोपऱ्यात वहिनी गप्प बसल्या होत्या. त्यांनी आठवडाभर आधी 'मल्लिकार्जुन' सुचवलं होतं. आमच्या आजोबांचं, म्हणजे बाळाच्या खापरपणजोबांचं नाव मल्लप्पा. ते तसंच्या तसं कुणी ठेवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी आपण होऊनच त्याला जरा सोवळं नेसवलं होतं. तरी उत्तर आलं, "आई, कायतरीच! शाळेत पोरं त्याला मल्लप्पाच म्हणणार."

आधी कियानचं बघू. संस्कृतात 'कियान्' आहे, अगदी खरा आहे. 'कियत्' या शब्दाचं ते पुल्लिंगी रूप. अर्थ : केवढा? किती? राजाचा वास हवा असेल तर इराणकडे जावं लागेल. तिथल्या पुराणकथांतल्या राजघराण्याला कयानी म्हणतात आणि त्यावरून तिकडे मुलाचं नाव कियान ठेवतात. आणि आयर्लंडला गेलात तर तिथेही हा मुलगा भेटेल. त्यांच्या दंतकथांत लुग नावाच्या वीराच्या बापाचं नाव कीअन. अर्थ : प्राचीन, दीर्घकाळचा. म्हणजे आपलं बाळ फारसीत राजा, आयरिशमध्ये पुरातन आणि संस्कृतात प्रश्नचिन्ह. फोनवरच्या यादीने तिघांची मोट बांधून वर 'संस्कृत' असा शिक्का मारला.

कियान वाईट नाव नाही. कानाला गोड आहे, आणि बाहेरून आलं म्हणून त्याला हाकलायचं तर सोलापुरात फार कमी नावं उरतील. माझं भांडण दोन गोष्टींशी आहे. घरातल्या नावाची आपल्याला लाज वाटते, ही एक. आणि ती लाज झाकायला आपण 'अर्थ' नावाची शाल पांघरतो, ही दुसरी.

ही लाज नवी नाही. मी स्वतः मल्लप्पा. आजोबा गेल्यानंतर जन्मलो म्हणून त्यांचं नाव मला दिलं. घरी कन्नड बोलायचो, शाळा मराठी. पहिलीत नाव घालायला वडील घेऊन गेले तेव्हा गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, दौत-टाक घेतला आणि म्हणाले, "जरा चांगलं नाव लिहू या." त्यांनी 'मिलिंद' लिहिलं. वडील मान हलवून घरी आले. त्या मान हलवण्यात कृतज्ञता होती, याचा मला आज जास्त त्रास होतो.

'मल्लप्पा'त वाईट काय होतं? मल्लप्पा म्हणजे श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला घरातल्या वडीलधाऱ्यासारखी मारलेली हाक. 'अप्पा' म्हणजे कन्नडमध्ये बाप. ज्यांच्या यात्रेसाठी अख्खं सोलापूर पांढऱ्या बाराबंदीत रस्त्यावर उतरतं, ते बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर याच मल्लिकार्जुनाचे भक्त, आणि आपल्या कन्नड वचनांच्या शेवटी ते त्याचंच नाव घालतात. हा अप्पा मराठीला परका आहे असंही नाही. 'आप्पासाहेब' म्हटलं की आपण उठून उभे राहतो, 'मल्लप्पा' म्हटलं की हसतो. शब्द तोच. नावाच्या आधी आला तर मान, शेवटी आला तर चेष्टा!

माझ्याच वर्गात आणखी एका मुलाचं नाव बदललं गेलं. त्याचं जुनं नाव मी इथे लिहीत नाही. ते त्याने टाकलं आहे आणि टाकलेलं नाव उगाळायचा मला अधिकार नाही. एवढंच सांगतो, की त्या नावाचा अर्थ दगड होता आणि त्याला 'या' जोडून हाक मारायची मुभा गावातल्या शेंबड्या पोरालाही होती. एक दिवस त्याचे वडील धुतलेला सदरा घालून शाळेत आले, टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सिद्धार्थ लिहा." गुरुजी म्हणाले, "आता कशाला?" ते म्हणाले, "लिहा." १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात जे घडलं त्याची लाट आमच्या शाळेच्या रजिस्टरापर्यंत अशी पोहोचली होती.

एकाच रजिस्टरात, एकाच शाईने दोन नावं बदलली. वरून दोन्ही सारखीच दिसतात. पण माझ्या वडिलांनी मान खाली घातली म्हणून माझं नाव बदललं आणि त्याच्या वडिलांनी मान वर केली म्हणून त्याचं. नावांवर लिहिणारे हळवे लोक हा फरक विसरतात. 'कुठे गेले ते धोंडू, दगडू, कचरू' असे उसासे टाकतात. ही नावं मुळात भीतीतून आली होती. पोरं जगत नसत, तेव्हा मृत्यूची नजर पडू नये म्हणून आई बाळाला कचरा म्हणायची, दगड म्हणायची. त्यात जातपात नव्हती. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे, त्यांच्या नावात केर आहे. १९५८ साली, वयाच्या शंभरीत भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे धोंडो होते. पण धोंडोचा धोंडोपंत झाला आणि धोंडिबाचा धोंड्या. नाव तेच, हाक वेगळी. ज्याला आयुष्यभर 'पंत' लागला त्याने, ज्याला 'या' लागला त्याला नाव जपण्याचा उपदेश करू नये. सिद्धार्थ, राहुल, गौतम ही नावं घेणाऱ्यांनी परंपरा मोडली नाही. आपल्या मुलाला कोण कसं हाक मारेल हे त्यांनी पहिल्यांदा स्वतः ठरवलं.

आता माझ्या 'चांगल्या' नावाची गंमत. गुरुजींना मिलिंद म्हणजे भुंगा एवढं ठाऊक होतं. शब्दकोशही तेच सांगतो. पण बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला ज्या मिलिंदाचं नाव दिलं तो भुंगा नव्हता. तो मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात राज्य करणारा ग्रीक राजा. पालीत त्याचा मिलिंद झाला. कानडी मल्लप्पाला सुसंस्कृत करायचं म्हणून गुरुजींनी मला ग्रीक करून टाकलं!

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात हा राजा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो, आणि त्यांच्या संवादाची सुरुवातच नावापासून होते. नागसेन म्हणतो की नागसेन ही बोलण्याची सोय आहे, त्यामागे वेगळा कुणी सापडत नाही. चाक, आस, दांडी यांच्या जुळणीला जसं आपण रथ म्हणतो तसंच हे. तत्त्वज्ञान म्हणून मला हे मान्य आहे. पण पाणवठ्यावर नाव विचारून माणसाला मागे पाठवणाऱ्या गावात ही सोय कुणाच्या सोयीची होती, हा प्रश्नही मिलिंदाने विचारायला हवा होता.

दुसऱ्या बाजूला शुद्धतेचे ठेकेदार उभे आहेतच. त्यांना परदेशी कियान नको, 'आपलं अस्सल' नाव हवं. त्यांनी मालोजीराजांपासून सुरुवात करावी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या कृपेने मुलगे झाले म्हणून त्यांनी एकाचं नाव शहाजी ठेवलं आणि दुसऱ्याचं शरीफजी. शिवाजी महाराज आपल्या नावापुढे वडिलांचं नाव लावत तेव्हा त्यात एका पीराचं नाव असे. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूर. आळंदीहून तिथे येणारा ज्ञानोबांचा पालखी सोहळा आजच्या रूपात ज्यांनी उभा केला ते हैबतबाबा. हैबत शब्द अरबी : धाक, दरारा. वारीत आजवर कुणाला ते खटकलं नाही. खटकायला लागेल तेव्हा समजा की वारी संपली.

आयर्लंडने ही झटापट आपल्याआधी केली आहे. इंग्रजी राजवटीत तिथल्या दप्तरांत तायग या आयरिश नावाच्या माणसाला टिमोथी लिहीत आणि डिअरमिडला जेरेमाया. अर्थाचा संबंध नाही, आवाजही जेमतेम जुळतो. तायगचा अर्थ तर कवी. १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली आणि लोक जुनी नावं परत मागू लागले. पण परत मिळालेल्यांत शॉन होता, जो नॉर्मन फ्रेंचांनी आणलेला जॉन. पॅट्रिक होता, जो सरळ लॅटिन, आणि ज्याच्यामुळे ते नाव तिथे रुजलं तो संत ब्रिटनमधून गुलाम म्हणून आणलेला. तरी ही नावं आयरिशच, कारण त्या नावांनी तिथली माणसं जगली आणि मेली.

सोलापूरला हे शिकायला आयर्लंडला जायची गरज नव्हती. मे १९३०मध्ये इथल्या लोकांनी इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारून दिला, मग लष्करी कायदा आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौकातल्या पुतळ्यांसमोर उभे राहून ही नावं एकदा मोठ्याने वाचा. एक कन्नड, एक अरबी, एक संस्कृत, आणि एक कृष्ण जो मारवाडी उंबऱ्यावरून किसन होऊन आला. तेलुगू 'अय्या' तेवढा त्या यादीत नाही. पण मागाच्या खटखटाटात तो होताच, आणि पुढे नरसय्या आडम होऊन विधानसभेतही गेला. या गावात पुरुषाचं नाव असंच चार-पाच भाषांतून आलं आहे. हुतात्मा मल्लप्पांच्या पुतळ्याला आपण दर जानेवारीत हार घालतो आणि त्याच आठवड्यात घरी म्हणतो, मल्लप्पा नको.

नवं नाव ठेवूच नये का? जरूर ठेवावं. सोलापूरचेच डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत होते. १९४२ साली त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्या वर्षअखेर डॉक्टर गेले. यिनहुआ कुठल्या यादीत नव्हतं. आईबापांचं सगळं आयुष्य त्या दोन अक्षरांत होतं, म्हणून ते नाव खरं होतं. फोनवर सापडणारा अर्थ कुणालाही लागू पडतो. 'राजा', 'तेजस्वी', 'ईश्वराचा अंश' : कुठलं बाळ यात बसणार नाही?

म्हणून बारशाला जाल तेव्हा अर्थ विचारू नका. कुणी सुचवलं ते विचारा, कुणाचं नाव मागे पडलं ते विचारा, आणि ते मागे का पडलं हेही विचारा. उत्तर देताना यजमान अडखळले तर अडखळू द्या.

मी कियानसाठी एक कागद लिहून पुतण्याकडे दिला आहे. त्यात त्याच्या आजीने सुचवलेलं नाव आहे, खापरपणजोबांचं आहे, माझी दोन्ही आहेत. इराणचे राजे आणि आयर्लंडचा वीर यांनाही जागा दिली आहे. शेवटी त्याच्या नावाचा खरा संस्कृत अर्थ लिहिला : केवढा? पुतण्या वाचून जरा रागावला, पण कागद त्याने फाडला नाही. जन्मदाखल्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत तो घडी करून ठेवलेला मी पाहिला.