खारे पाणी गोडे होण्याआधी

नाशिक जिल्ह्यातील अप्पर वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते. त्यामुळे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मुंबई महापालिकेचा बेत आपल्यालाही दुरून पाहण्याजोगा विषय नाही. मनोरी येथे रोज २०० दशलक्ष लिटर क्षमतेचा निःक्षारीकरण प्रकल्प आखण्यात आला असून, पुढे ही क्षमता ४०० दशलक्ष लिटरपर्यंत नेण्याचा विचार आहे. मुंबईच्या सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर रोजच्या पुरवठ्यात २०० दशलक्ष लिटर म्हणजे जेमतेम पाच टक्के. हे पाच टक्के तरी खात्रीने मिळतील का, याचे उत्तर मात्र मीठ काढण्याच्या यंत्रात नाही. त्याच्या अलीकडे आहे.

घरात आरओ असलेल्यांना ही गोष्ट चटकन समजेल. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात बाहेरचा प्री-फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर आतली महागडी मेम्ब्रेन लवकर निकामी होते. समुद्राकाठच्या प्रकल्पाचे तत्त्व तेच, फक्त पसारा मोठा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते वेगळे करण्यासाठी पाणी ५५ ते ७० बार इतक्या दाबाने मेम्ब्रेनमधून ढकलावे लागते. मेम्ब्रेनवर गाळ साचला, क्षारांचे पापुद्रे बसले किंवा जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढला, की तेवढ्याच पाण्यासाठी जास्त दाब लागतो. जास्त दाब म्हणजे जास्त वीज, वारंवार रासायनिक धुलाई आणि शेवटी नवी मेम्ब्रेन. हा सारा खर्च अखेर पाणीपट्टीत उतरतो.

म्हणून पूर्वप्रक्रिया महत्त्वाची. आधी जाळ्या, मग फेरिक क्लोराइडसारखे द्रव्य घालून बारीक गाळाच्या गुठळ्या करणे, नंतर वाळूचे थर किंवा अल्ट्राफिल्ट्रेशन. शेवटी पाण्याचा गाळ-निर्देशांक तपासतात; तो पाचच्या खाली असावाच, तीनच्या खाली असल्यास उत्तम. क्लोरीन टाकून जिवाणू मारता येतात, पण तोच क्लोरीन पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला खातो. त्यामुळे पाणी मेम्ब्रेनपर्यंत पोहोचण्याआधी तो काढावा लागतो आणि उरलेल्या जिवाणूंना पुन्हा वाढायला रान मोकळे होते. एका औषधाने भागेल असा हा रोग नाही.

त्यात आपला किनारा सोपा नाही. पावसाळ्यात खाड्यांतून गाळ येतो, सांडपाणी वर्षभर येते. अरबी समुद्रात हिवाळ्यात सूक्ष्म जीवांचा बहरही येतो. २००८-०९ मध्ये आखाती देशांत अशाच बहरामुळे काही निःक्षारीकरण प्रकल्प बंद ठेवावे लागले होते. अनुभवी देशांची ही गत, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

तेव्हा तीन गोष्टी व्हायला हव्यात. प्रकल्पाच्या जागेवरील पाण्याची तिन्ही ऋतूंतली तपासणी लोकांसमोर मांडावी. एप्रिलच्या निवळ पाण्यावरून जुलैचा आराखडा करता येत नाही. दुसरे, कंत्राट देताना केवळ सर्वांत कमी बोली पाहू नये. काटछाट करायची झाली की पहिला हात पूर्वप्रक्रियेवर पडतो, कारण तिचा तोटा उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाही. तो दोन-तीन वर्षांनी बिलात दिसतो. तिसरे काम म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच समुद्रात सोडणे. एकीकडे घाण सोडायची आणि दुसरीकडे तीच गाळायला पैसे मोजायचे, हा उलटा व्यवहार झाला.

हाच हिशेब गोदावरीलाही लागू आहे. नदीत मिसळलेले सांडपाणी पुढच्या गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावरचा खर्च वाढवते. यंत्र कितीही आधुनिक असो, त्याच्या तोंडाशी येणारे पाणी स्वच्छ ठेवणे हीच पहिली प्रक्रिया आहे आणि तिची जबाबदारी कोणत्याही कंत्राटदारावर ढकलता येणार नाही.