तीन हजार टन की १६० किलो?

फेब्रुवारी २०२०. लॉकडाऊनला अजून महिना होता. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बातमी येऊन धडकली - उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून जास्त सोनं सापडलं! आपल्या रिझर्व्ह बँकेकडे तेव्हा सगळं मिळून सव्वासहाशे टनांच्या आसपास सोनं होतं. म्हणजे एका जिल्ह्यात देशाच्या तिजोरीच्या जवळपास पाचपट! चॅनलवर चमकणारे डोंगर, ग्रुपवर 'आता दागिने स्वस्त होणार का?' मीही ती बातमी दोन ग्रुपवर ढकलली होती.

एक-दोन दिवसांतच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण म्हणजे जीएसआयने खुलासा केला की, हा आकडा आमचा नाही. त्यांनी १९९८ ते २००० या काळात सोनपहाडी इथे शोध घेतला होता. त्यात ५२,८०६.२५ टन धातुकाचा अंदाज होता आणि त्या धातुकात दर टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं. गुणाकार मोबाइलवरही होतो. उत्तर येतं साधारण १६० किलो.

तीस लाख किलोचे एकशे साठ किलो झाले. तो खुलासा मात्र आमच्या ग्रुपवर कुणी फॉरवर्ड केला नाही. मीही नाही.

आता पत्रकारिता शिकताना ही बातमी पुन्हा काढून वाचली. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी शून्यं जास्त लावली, एवढंच. पण गडबड फक्त शून्यांची नाही. जमिनीखालचा धातू शोधतात कसा, हेच बातमी लिहिणाऱ्याला, वाचणाऱ्याला आणि पुढे ढकलणाऱ्याला ठाऊक नसतं. आपल्या डोक्यात चित्र असतं ते पेटाऱ्याचं. खणलं, झाकण उघडलं, सापडलं!

प्रत्यक्षात काय होतं? आधी येतं भूभौतिक सर्वेक्षण. मॅग्नेटोमीटर घेऊन चालत, नाहीतर विमान-हेलिकॉप्टरला उपकरणं लावून, जमिनीचं चुंबकत्व मोजतात. कुठे गुरुत्वाकर्षणातला अगदी बारीक फरक मोजतात. कुठे जमिनीत खुंट्या ठोकून वीज सोडतात आणि खालचे खडक ती किती वाहून नेतात, किती वेळ धरून ठेवतात ते बघतात. हाती काय येतं, तर एक नकाशा. आजूबाजूपेक्षा वेगळं वागणारी जागा त्यावर दिसते. तिला 'अनॉमली' म्हणतात.

आणि गोम इथेच आहे. अनॉमली म्हणजे खजिना नाही. वीज चांगली वाहून नेणारा खडक तांब्याचा असू शकतो, तसाच ग्राफाइटचाही. चुंबकीय खूण लोहखनिजाची असेल, नाहीतर मॅग्नेटाइटचे कण असलेल्या साध्या खडकाची. आणि टनामागे तीन ग्रॅम सोनं तर यातल्या कुठल्याच उपकरणाला थेट दिसत नाही. दिसतात ती सोन्यासोबत सापडणारी दुसरी खनिजं किंवा खडकांची रचना. गावाकडे विहिरीची जागा दाखवायला पाणाड्या येतो. तो हातात नारळ धरून जागा सांगतो, भूभौतिकतज्ज्ञ मोजमाप करून सांगतो, हा फरक मोठा आहे. पण खाली खरंच काय आहे, हे दोन्हीकडे बोअर मारल्यावरच कळतं.

ही बोअरही आपल्या ओळखीची नव्हे. पाण्याच्या बोअरमध्ये खडकाचा भुगा होऊन वर येतो. इथे हिऱ्याचे कण बसवलेला पोकळ बिट खडक गोल कापत खाली जातो आणि नळीत अखंड दगडी कांडी राहते. ती म्हणजे कोअर. या कांड्या किती खोलीवरच्या, ते लिहून पेट्यांत ओळीने मांडतात. मग कांडी उभी चिरतात. अर्धी प्रयोगशाळेत जाते, अर्धी पेटीत राहते. उद्या कुणी शंका घेतली तर पुरावा हवा ना!

एका बोअरमध्ये धातू लागला तरी शेजारच्या बोअरमध्ये लागेलच असं नाही. म्हणून ठरावीक अंतरावर बोअर मारत जातात आणि दोन बोअरच्या मधलं चित्र अंदाजाने भरतात. बोअर जितक्या जवळजवळ, तितका अंदाज पक्का. आपल्याकडे या शोधाचे चार टप्पे मानतात - जी-४ म्हणजे नुसती प्राथमिक चाचपणी, मग जी-३, जी-२ आणि शेवटी जी-१ म्हणजे सविस्तर शोध. त्यानंतरही प्रश्न उरतो की ते काढणं परवडतं का. जमिनीत काय असावं याच्या अंदाजाला 'रिसोर्स' म्हणतात आणि त्यातलं जे काढणं परवडतं त्याला 'रिझर्व्ह'. आपण मराठी बातमीत दोघांनाही सरसकट 'साठा' लिहितो. साठा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं गोदाम, पोती मोजून रचून ठेवलेलं. सगळा घोळ इथून सुरू होतो.

सोनभद्र जुनं झालं म्हणाल, तर रियासी घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम असल्याचं सरकारने जाहीर केलं. सरकारी निवेदनात 'अनुमानित' आणि 'जी-३' हे शब्द होते. हेडलाइनमध्ये आले 'पांढरं सोनं' आणि 'जॅकपॉट'. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या ब्लॉकचा लिलाव निघाला. किमान तीन पात्र बोलीदार हवे होते, तेवढेही पुढे आले नाहीत आणि मार्च २०२४ मध्ये तो रद्द झाला. ज्या कंपन्यांना स्वतःचे पैसे लावायचे होते, त्यांनी 'अनुमानित' हा शब्द नीट वाचला होता. आपण वाचला नाही.

'चुकली एखादी हेडलाइन, बिघडलं काय?' असं कुणी विचारेल. बिघडतं. ज्या गावात रिग येते तिथल्या माणसाला या बातमीवरून ठरवायचं असतं की घर दुरुस्त करावं की नाही, जमीन विकावी की धरून ठेवावी. गडचिरोली, चंद्रपूरकडच्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. गावाजवळ रिग आली म्हणजे उद्या खाण नक्की, असं नसतं. कितीतरी ठिकाणी शोध बोअरपाशीच थांबतो. पण कोणता टप्पा चालू आहे हेच सांगितलं नाही, तर गावात एक तर लॉटरीची स्वप्नं पडतात, नाहीतर घर जाण्याची भीती बसते.

दुसरे आपण. वर्गातल्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर शेअर बाजाराचं अ‍ॅप आहे. त्यांनी ब्रि-एक्सची गोष्ट वाचावीच. या कॅनडाच्या कंपनीने इंडोनेशियात बुसांग इथे सोन्याचा अफाट साठा सापडल्याचं सांगितलं आणि शेअर आकाशाला भिडला. १९९७ मध्ये दुसऱ्यांनी स्वतंत्रपणे बोअर मारून तपासलं, तर काढण्याजोगं सोनं नव्हतंच. नमुन्यांमध्ये बाहेरून सोन्याचे कण मिसळले होते. कंपनीने कोअरचा अर्धा भाग राखून ठेवण्याऐवजी जवळपास सगळा चिरडून टाकला होता. पेटीतल्या त्या अर्ध्या कांडीची किंमत काय, ते तेव्हा अनेकांना कळलं. पैसे मात्र बुडाले होते.

याचा अर्थ हा सगळा शोधच फसवा, असं मुळीच नाही. तांबं, लिथियम, निकेल आपल्याला लागणारच आहे. देशभर बोअर मारणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसॉल्टने झाकलेला आहे. त्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही, तिथे भूभौतिक सर्वेक्षणाला पर्याय नाही. रिकामी निघालेली बोअरही वाया जात नाही, कारण 'इथे नाही' हे पक्कं कळणंही कामाचं असतं. पण त्याची बातमी होत नाही. दोन-तीन वर्षं रानात राबणाऱ्या भूवैज्ञानिकांचं काम आपल्यापर्यंत येतं ते फक्त लॉटरी लागल्यासारखं. हा त्यांच्यावरही अन्यायच आहे.

डेडलाइन काय असते ते मी आता रोज बघते. संध्याकाळी सात वाजता कुणी 'तीन हजार टन' म्हणालं, तर हात शिवशिवतात. पण त्याच सात वाजता एक फोन करून चार गोष्टी विचारता येतात. हा आकडा नेमका कुणाचा? शोध कोणत्या टप्प्यावर आहे? टनामागे धातू किती? आणि काढणं परवडतं, असं कुणी तपासलंय का? उत्तरं मिळाली नाहीत, तर 'सापडलं' लिहायचं नाही. 'शोध सुरू आहे' लिहायचं. हेडलाइन थोडी फिकी होईल, होऊ दे.

वाचकांनाही हेच चार प्रश्न विचारता येतात. पुढच्या वेळी ग्रुपवर कुठे सोनं सापडलं, तर फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी कॅल्क्युलेटर उघडा. आणि खुलासा आला, तर तोही त्याच ग्रुपवर टाका. माझा पाच वर्षांपासून राहिलाय. हा लेख छापून आला की त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकणार आहे.