कुत्रा, गिधाड आणि बिबट्या

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मान वर केली की कड्याच्या पोटाला लटकलेली आग्यामोहोळं दिसतात. खाली भाविकांची रांग, वर हजारो माश्या, आणि मध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोड्याने पोखरलेला कातळ. सहाव्या लेण्यात चैत्यगृह, सातव्यात गिरिजात्मज, सगळी मिळून तीसेक लेणी. लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा या जुन्नरभोवतीच्या डोंगरांतली खोदकामं एकत्र मोजली तर आकडा दोनशेच्या वर जातो. नाणेघाटाने चढणाऱ्या व्यापारामुळे जुन्नर भरभराटीला आलं आणि त्या काळात इथल्या डोंगरांतून एवढा दगड काढला गेला. पुढे भिक्षू गेले. त्यांच्या कोठड्यांत वटवाघळं, पारवे, पाकोळ्या राहायला आल्या.

याच लेण्याच्या तोंडाशी उभं राहून खाली पाहिलं, तर माणसाने घडवलेलं दुसरं वसतिस्थान नजरेत भरतं. ते म्हणजे कुकडीच्या खोऱ्यातला ऊस. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचं पाणी फिरलं आणि ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात असतो. लागण सरली की तोड येईपर्यंत आतल्या सऱ्यांत फारसं कोणी शिरत नाही. सावली असते, पाटाचं पाणी असतं, आणि बांधापलीकडे वस्ती, गोठा, शेळ्या, कुत्री. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून निवांत जागा कुठली?

‘जंगल तुटलं म्हणून बिबट्या गावात आला’ हे वाक्य जुन्नर-आंबेगावात अजूनही ऐकू येतं. इथल्या परिस्थितीला ते लागू पडत नाही. या खोऱ्यातल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्या, उसातच वाढल्या. भीमाशंकरचं रान त्यांनी पाहिलेलंही नसेल.

पशुवैद्यकांच्या मासिकाने या विषयावर संपादकीय का लिहावं, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. बिबट्या वनखात्याचा, पिंजरा वनखात्याचा, भरपाईही वनखात्याची. मात्र बिबट्या काय खातो हे पाहिलं, की विषय थेट पशुवैद्यकाच्या दारात येतो.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार मांडला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात वावरणाऱ्या जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळी त्याच्या बरीच मागे होती. ज्या भागात दर चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, तिथे शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक प्रौढ बिबटे नांदत होते, आणि त्यांचं सगळ्यात मोठं भक्ष्य गावातला कुत्रा होता.

मग एवढी कुत्री जगतात कशावर? हॉटेलांमागच्या खरकट्यावर, लग्नकार्यालयांमागे टाकलेल्या अन्नावर, कोंबडीच्या दुकानांच्या पिशव्यांवर, पोल्ट्रीवाल्याने ओढ्यात फेकलेल्या मेलेल्या पक्ष्यांवर. आणि ओढून टाकलेल्या ढोरांवर. पूर्वी गावाबाहेर टाकलेलं ढोर गिधाडं बघता बघता संपवत. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. गुरांना सर्रास टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक हे त्याचं कारण. २००४ साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून ते सिद्ध झालं आणि २००६ साली आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. गिधाडांनी सोडलेलं ढोर कुत्र्यांच्या वाट्याला गेलं. १९९२ ते २००३ दरम्यान देशातली कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढली, असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कुत्रा वाढला तसं बिबट्याचं ताटही भरत गेलं. या साखळीच्या सुरुवातीला एक इंजेक्शन आहे, आणि ते कोणाच्या पेटीतून आलं हे या मासिकाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. दुखरी, सुजलेली गाय समोर असते तेव्हा मेलॉक्सिकॅम हाताशी आहे. तरी जुन्या सवयीने माणसांच्या औषधांची बाटली उघडणारे अजून आहेत. ते थांबलं पाहिजे.

दुसरा धोका उलट्या दिशेने येतो. कुत्रा खाणारा प्राणी कुत्र्याचे रोगही घेतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कॅनाइन डिस्टेंपरने सुमारे एक हजार, म्हणजे तिथले एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हाही तपासात हाच विषाणू सापडला. आजारी, सुस्त कुत्रा बिबट्याला सगळ्यात सहज मिळतो. म्हणून वस्तीवरच्या कुत्र्याला रेबीजबरोबर डिस्टेंपरचीही लस टोचणं हे जुन्नर-आंबेगावात वन्यजीव संरक्षणाचंच काम आहे. वरून आदेश येण्याची वाट न बघता तालुक्यातल्या पशुवैद्यकांनी ते हाती घ्यावं. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३चे नियम ग्रामपंचायतींनाही जबाबदार धरतात, तेव्हा सरपंचाला त्याची आठवण करून देण्यात संकोच कसला?

इथे एक सावधगिरी हवी. कुत्री एकदम कमी केली आणि शेळ्या उघड्यावरच राहिल्या, तर बिबट्या शेळीकडे वळेल, आणि शेळीमागे अंगणातलं पोर असतं. म्हणून आधी गोठा. चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी, आतून घट्ट बसणारं दार, भिंतीखालून उकरायला जागा नाही. संगमनेरी शेळ्यांची लाखभराची खांडं चार बांबूंच्या आडोशाला बांधलेली दिसतात. गाभण शेळी तपासायला गेलेल्या डॉक्टरने दाराची कडीही एकदा ओढून पाहावी. त्याचं म्हणणं मालक ऐकतो, तेवढं फलकावरचं ऐकत नाही.

पिंजऱ्याचा अनुभव जुन्नरने फार महागात घेतला आहे. २००१ ते २००३ या काळात पकडलेल्यांपैकी २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडले. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६वर पोचलं. बिबट्या सोडलेल्या जागी थांबत नाही, हे ‘आजोबा’ने सगळ्यांना दाखवलं. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या नराला २००९ साली जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातही जागेला मर्यादा आहे. रिकाम्या झालेल्या फडात दुसरा बिबट्या येतो.

हे सगळं खरं असूनही, २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली, त्यांत दोन मुलं होती. त्या घरांपुढे अभ्यासाचे आकडे वाचून दाखवण्यात अर्थ नाही. लोक महामार्गावर उतरले ते दुःखाने आणि संतापाने. बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाऊ लागल्या. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरायला शेतकऱ्याला अंधारात बांधावर पाठवायचं आणि मग सावध राहा म्हणायचं, हे अन्यायाचं आहे. दिवसा वीज ही इथली न्याय्य मागणी आहे, आणि पशुवैद्यकांच्या संघटनांनीही ती उचलून धरावी.

पंचनामा हे असंच आपलं काम. सकाळी सहाला फोन येतो, कालवड मेलेली असते, दावं ताणलेलं. भरपाई मिळणार की नाही हे बऱ्याचदा डॉक्टरच्या चार ओळींवर ठरतं. बिबट्याने गळा धरलेला असला तर बाहेरून दोन-चार भोकंच दिसतात. मानेची कातडी सोलली की खाली साकळलेलं रक्त काळंनिळं पसरलेलं असतं. कुत्र्यांनी मारलेलं जनावर मागच्या पायांवर, कासेवर, पोटाला फाटलेलं असतं. आधीच मेलेलं ढोर कोणी कुरतडलं असेल तर कातडीखाली रक्त साकळत नाही. कातडी न सोलता दुरून बघून लिहिलेला दाखला कधी गरिबाची भरपाई बुडवतो, कधी न केलेल्या शिकारीसाठी गावात पिंजरा आणतो. वन कर्मचाऱ्यासमोर, मालकासमोर, मान उघडून दाखवावी आणि फोटो काढून ठेवावा.

सह्याद्रीतले महादेव कोळी आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस करतात. गावकुसाबाहेरच्या वाघोबाला गुराखी खिरीचा नैवेद्य दाखवतात, गुरं सांभाळ म्हणून सांगतात. खाली बागायतीच्या गावांत त्याच दिवशी वसुबारस असते, गाय-वासराला ओवाळतात. त्यानंतर दिवाळी, आणि कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊसतोड टोळ्या कोयते घेऊन फडात उतरतात.

मग पहिल्या काही दिवसांतच कुठेतरी सरीत मांजराएवढी पिल्लं सापडतात. तोड थांबते, माणसं गोळा होतात, फोन जातो. डॉक्टर पिल्लांचं वजन करतो, जखम आहे का पाहतो, गोचीड काढतो. संध्याकाळी तीच पिल्लं क्रेटमध्ये घालून सापडलेल्या सरीतच ठेवतात, लांबवर कॅमेरा लावतात आणि सगळ्यांना मागे हटवतात. अंधार पडल्यावर मादी येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून उरलेल्या उसात घेऊन जाते. ती आली नाही तर दुसऱ्या रात्री क्रेट पुन्हा तिथेच ठेवावा लागतो.