साडेअकराचं ऊन

डिसेंबर लागला की शहागंजात हातगाड्यांवर माकडटोप्या, मफलर लटकू लागतात. भाजीवाल्यांच्या पाटीत तुरीच्या शेंगा आणि हिरवा हरभरा येतो. आणि नेमकी याच दिवसांत घरातली वडीलधारी मंडळी अंथरूण धरतात. का, तर थंडी! मला हे कारण पटत नाही.

थंडी नॉर्वेतल्या ट्रॉम्सोची. तिथे नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. उजेड आटल्यावर माणसाला घेरणाऱ्या उदासीची नोंद नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आजार म्हणून केली. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा. पहाटे पारा दहा अंशांवर आला, तरी दुपारी अंगातला स्वेटर काढावासा वाटतो.

अडचण आहे ती घरांची. जुन्या शहरात भिंतीला भिंत लागलेली, बोळ अरुंद. तळमजल्याच्या खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथे दिवसभर पांघरूण घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या आजींना ‘करमत नाही’ असं वाटलं, तर नवल काय? बाहेर लख्ख ऊन, आणि घरात मात्र ट्रॉम्सो.

त्यात कोवळ्या उन्हाचं कौतुक. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, झोप सुधारते, हे खरं. पण ड जीवनसत्त्व त्या उन्हात फारसं मिळत नाही. त्यासाठी सूर्य वर चढावा लागतो. सोपी खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली पाहिजे. जानेवारीत आपल्या शहरात ती वेळ साधारण साडेअकरा ते पावणेदोन. रक्तदाबाच्या, हृदयाच्या रुग्णांनाही हीच वेळ बरी. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो.

हिमायतबागेत, गोगाबाबा टेकडीवर पहाटे चालणाऱ्यांचं मला कौतुकच आहे. मात्र त्या वेळी घरातली बाई डबे भरत असते, हे त्यांनी एकदा लक्षात घ्यावं. तिला सवड मिळते ती थेट साडेअकराला. मग गच्ची असेल तर गच्चीवर, नसेल तर ओट्यावर बसून शेजारणीबरोबर तुरीच्या शेंगा सोलाव्यात. हात चालतात, तोंडही चालतं. भोगीच्या भाजीची निम्मी तयारी गप्पांतच होते.

ज्यांना ना गच्ची ना ओटा, त्यांनी कुठे जायचं? शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ भर बाजारात ऊन भरपूर, पण दुचाक्यांच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला निवांत टेकायला जागा कुठे? महापालिकेनं तिथे उन्हात चार बाकडी टाकावीत आणि त्यांच्यापुढे गाड्या लागणार नाहीत एवढं पाहावं. आणि बाकडी येईपर्यंत दुकानदारांनो, दुपारी एखादी खुर्ची उन्हात बाहेर ठेवा.