टोमॅटोची पाने काय सांगतात?

मैत्रिणींनो, गच्चीवरच्या कुंडीत हौसेने लावलेला टोमॅटो कालपर्यंत तरारलेला असतो आणि एके सकाळी पाने पिवळी, आकसलेली दिसतात. मन खट्टू होते. मग आपण काय करतो? आणखी एक तांब्या पाणी ओततो! तसे करू नका. आधी पाहा, बिघडलेली पाने खालची आहेत की शेंड्याची?

खालची पाने पिवळी आणि माती ओलीगच्च असेल, तर पाणी जास्त झाले. आपल्या छत्रपती संभाजीनगरात चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येण्याची वर्षे आपण काढली. नळ आला की हंड्या-बादल्यांबरोबर कुंड्याही काठोकाठ भरायची सवय जडली. मातीत दोन पेरे बोट घाला. ओले लागले, तर आज पाणी नको.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, त्यांत वर्तुळात वर्तुळ दिसले, तर तो करपा. ती पाने खुडून टाका आणि पाणी बुडाशीच घाला.

एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी वळलेली पाने संध्याकाळी सरळ होत असतील, तर घाबरू नका. जुन्या साडीचा आडोसा केला की भागते.

शेंड्याची नवी पानेच बारीक, पिवळसर, चुरगळलेली येऊन झाड खुजे राहिले, तर मात्र तो बोकड्या! हा विषाणू पांढरी माशी पसरवते. झाड हलवून पाहा, बारीक पांढरे किडे उडतील. यावर औषध नाही. विषाणूपुढे शेतकऱ्यांचेही काही चालत नाही. २०२० साली राज्यातल्या टोमॅटोची फळे रंग बिघडून वाया गेली, तेव्हा बंगळूरच्या संशोधन संस्थेला नमुन्यांत विषाणूच सापडला होता.

तेव्हा असे झाड उपटून पिशवीत बांधून टाका. फुलावर आलेले रोप उपटायला हात धजत नाही, ठाऊक आहे मला. मीही एकदा "बघू, सुधारेल" म्हणत थांबले आणि शेजारच्या तीन कुंड्या गमावून बसले.

उरलेल्या झाडांसाठी लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचे तेल आणि साबणाच्या पाण्याचे चार थेंब घालून, आठवड्यातून एकदा संध्याकाळी पानांच्या मागच्या बाजूने फवारा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून जवळ टांगा, माशा त्याला चिकटतात. पुढच्या वेळी 'अर्का रक्षक'सारख्या, बोकड्याला दाद न देणाऱ्या वाणाचे बी मागून घ्या.

एक झाड वेळेवर गेले, तर बाकीची कोशिंबिरीपुरते नक्की देतील!