रक्कम कळली, माल कुठे लिहिला?

साउंडबॉक्स सांगतो, ‘एकशे चाळीस रुपये मिळाले.’ पैसे खात्यात जमा, गिऱ्हाईक पायरी उतरून गेलेले, पुढचे समोर उभे. हे एकशे चाळीस रुपये चहापत्तीचे, साबणाचे की तूरडाळीचे, हे त्या यंत्राला ठाऊक नसते, बँकेला नसते आणि रात्री हिशेबाला बसलेल्या बहुतेक दुकानदारांनाही नसते. गेल्या दहा वर्षांत किराणा व्यापाराने पैसे घेण्याची पद्धत पार बदलली. माल विकल्याची नोंद मात्र आपण पूर्वीही करत नव्हतो आणि आजही करत नाही. आपल्या धंद्याची दुखरी जागा मला हीच वाटते.

यूपीआय 2016 साली आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. जानेवारी 2020 पासून या व्यवहारांवरचा एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क, शून्य झाला, तेव्हा दुकानदाराची उरलीसुरली नाराजीही संपली. सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेटे हातावर ठेवायचे दिवस गेले, फाटक्या नोटा वेगळ्या काढायचे काम गेले. हे चांगलेच झाले. पण मोबाइलवर दिवसाची जमा दिसते म्हणून आपण तिलाच हिशेब समजू लागलो, आणि तिथे फसलो.

बंगळुरूत जुलै 2025 मध्ये जे घडले ते आठवा. कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची. खात्यात त्याहून जास्त दिसले की नोटीस. त्यात दूध, भाजी, फळे विकणारेही सापडले, ज्यांच्या मालावर मुळात करच नाही. किती तरी जणांनी क्यूआर कोड उतरवले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. पुढे सरकार नरमले. आपल्याकडच्या अनेकांनी त्यावरून यूपीआय कमी करायचे ठरवले. मी अगदी उलट म्हणतो. एवढे दुधाचे, एवढे भाजीचे, असे दाखवणारा कागद ज्याच्या हातात असेल त्याला पाटी बदलावी लागत नाही. खात्यात फक्त रक्कम दिसते. ती कशाची, हे सांगायला आपलीच नोंद लागते.

दोन महिन्यांनी, 22 सप्टेंबर 2025 रोजी, जीएसटीचे दर बदलले. आंघोळीचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल, बिस्किटे 18 टक्क्यांवरून 5 वर आली; धुण्याची पावडर 18 वरच राहिली. कपाटात जुन्या एमआरपीचा माल, दारात वर्तमानपत्र वाचून आलेले गिऱ्हाईक, आणि हिशेब तोंडी. पुण्यात एका दुकानात मी पाहिले, मालक कॅल्क्युलेटरवर 118 ने भागून 105 ने गुणत होते, प्रत्येक वडीसाठी वेगळे, आणि मागे रांग वाढत होती. चार दुकाने पलीकडे बिलिंग संगणकावर होते. तिथे आदल्या रात्री बसून दर बदलून ठेवलेले, शिल्लक मालाची यादी छापून काढलेली, आणि जुन्या दराने भरलेल्या कराचे काय करायचे हा प्रश्न घेऊन मालक सकाळीच सीएकडे गेलेले. दोघेही प्रामाणिक, दोघेही कष्टाळू, दुकानेही साधारण सारखीच.

आता दहा मिनिटांत घरपोच माल देणाऱ्यांविषयी. झेप्टो 2021 साली मुंबईतूनच सुरू झाले. ग्रोफर्सने त्याच वर्षाच्या शेवटी ब्लिंकिट हे नाव घेतले. आपल्या बैठकांत चर्चा होते ती त्यांच्या वेगाची आणि सवलतींची. आपल्या खरेदीभावापेक्षा कमी भावाने माल विकला जात असेल तर त्याविरुद्ध लढलेच पाहिजे. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने 2024 मध्ये स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली, ती रास्त होती. परकीय भांडवलावर चालणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठेने स्वतः मालाचा साठा करून विकू नये हा नियमही कागदावर राहता कामा नये. या लढ्यात हे मासिक व्यापाऱ्यांबरोबर आहे.

पण त्यांचे खरे बळ वेगाच्या मागे आहे. त्यांच्या डार्क स्टोअरमध्ये, म्हणजे फक्त ऑनलाइन मागणीसाठीच्या गोदामात, गिऱ्हाईक पाऊल ठेवत नाही. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो, माल काढणाऱ्या मुलाला मोबाइल सांगतो कुठल्या कप्प्यातून काय घ्यायचे, आणि जास्त खपणारा माल पॅकिंगच्या टेबलाजवळ येत जातो. कुठल्या गल्लीत रात्री साडेदहाला दही मागवले जाते, पाऊस पडला की कुठे नूडल्स वाढतात, हे त्यांच्याकडे रोज साठते. आपल्याकडे हे सगळे होते, फार आधीपासून होते, पण मालकाच्या डोक्यात. जोशीकाकूंना वाडा कोळम लागतो, वरच्या मजल्यावर उपासाला वरीचे तांदूळ दुप्पट जातात, अमक्यांची मुलगी बाळंतपणाला आली म्हणजे डिंक आणि खारीक सांगून ठेवायची. मालक आजारी पडला किंवा मुलगा नोकरीला गेला की ते ज्ञान दुकानातून उठून जाते.

म्हणून दहा मिनिटांच्या शर्यतीत उतरू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. पोराला स्कूटरवर पिटाळून त्यांच्याशी बरोबरी होणार नाही, एखाद्या दिवशी त्याचा हातपाय मोडेल. आपली जागा महिन्याच्या यादीची आहे. ती यादी आज व्हॉट्सअ‍ॅपवर येते, कधी हस्ताक्षरातल्या कागदाचा फोटो म्हणून. आपण माल बांधतो आणि ती यादी वर सरकून दिसेनाशी होते. तीच जपून ठेवली तर पुढच्या महिन्याच्या 28 तारखेला आपणच विचारू शकतो: ‘वहिनी, मागच्या वेळेसारखेच पाठवू का? या खेपेला शेंगदाणे चांगले आलेत.’ सुटा माल निवडून देणे, नको असलेला पुडा परत घेणे, पगार होईपर्यंत थांबणे हे आपले जुने बळ या यादीला जोडले, तर ते गिऱ्हाईक सहजी तुटत नाही.

संगणकावर नोंदीची सुरुवात करताना एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण सॉफ्टवेअर विकणारा ती सांगत नाही. पुड्यावरचा 890 ने सुरू होणारा बारकोड फक्त वस्तू ओळखतो. त्यात एमआरपी नसते, मुदतीची तारीखही नसते. ती माल उतरवताना, वितरकाच्या बिलासमोर बसून, आपल्यालाच भरावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि पहिले काही आठवडे चुकाही होतात, म्हणून अनेक दुकानांत यंत्र आणून ते झाकून ठेवलेले दिसते. सगळे दुकान एकदम संगणकावर चढवू नका. बिस्किटे आणि बेबीफूडचे एकच कपाट घ्या. मुदत संपल्याने दर महिन्याला किती माल फुकट जातो, हे तिथे सर्वांत आधी कळेल, आणि तो आकडा पाहिल्यावर दुसऱ्या कपाटासाठी कुणाला सांगावे लागणार नाही. धान्य-कडधान्याकडे शेवटी वळा. तिथे वजनकाटा जोडावा लागतो आणि घटीचा हिशेब वेगळा असतो.

पुढच्या अंकापासून अशी नोंद सुरू केलेल्या दुकानदारांचे अनुभव आम्ही छापणार आहोत. कुठले सॉफ्टवेअर घेतले, वर्षाला किती पैसे जातात, मराठीत बिल निघते का, मध्येच बंद पडले तर फोन कोण उचलतो, हे सगळे लिहा. ज्यांनी सुरू करून सोडून दिले त्यांनी तर जरूर लिहा.