ड्रोनचे देशीपण आणि सरकारी खरेदी

लष्करासाठी ४०० ड्रोन घेण्याचे सुमारे २३० कोटी रुपयांचे तीन करार संरक्षण मंत्रालयाने रद्द केल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. त्यांत चिनी सुटे भाग असल्याचे कारण सांगण्यात आले. पुरवठादार मात्र भारतीय होते, आणि खरी मेख तेथेच आहे.

२३ जुलै २०२० च्या आदेशाने, भारताशी भूसीमा असलेल्या देशांतील निविदादारांना नोंदणीवाचून सरकारी खरेदीत भाग घेण्यास मनाई झाली. पुढे ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवरच बंदी आली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा यांपुरता अपवाद ठेवण्यात आला आणि सुट्या भागांना दार उघडे राहिले. दोन्ही उपाय योग्यच होते. परंतु एकाने विक्रेत्याचा पत्ता पाहिला, दुसऱ्याने यंत्राचे बाह्य रूप. धोका असतो तो आतील उड्डाण-नियंत्रकात, संदेशवहनाच्या यंत्रणेत आणि त्यांना चालविणाऱ्या आज्ञावलीत. टिपलेली माहिती परस्पर कोठे जाते, ऐन वेळी यंत्राचा ताबा दुसरा कोणी घेऊ शकतो काय, या प्रश्नांची उत्तरे कारखान्याच्या पाटीवरून मिळत नाहीत.

मग असे भाग का वापरले जातात? उत्तर साधे आहे: ते स्वस्त पडतात. सरकारी खरेदीत सामान्यतः सर्वांत कमी दराची निविदा जिंकते. देशी नियंत्रक घडविण्यासाठी भांडवल गुंतविणारा उत्पादक आयात भागांची जुळणी करणाऱ्यापुढे तेथेच हरतो. २०२१ च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेतही १२० कोटी रुपयांच्या साहाय्यासाठी मूल्यवर्धनाची किमान अट ४० टक्के होती. एका हाताने जुळणीला उत्तेजन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर संशय घ्यायचा, ही विसंगती उत्पादकांनी निर्माण केलेली नाही.

अमेरिकेचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. तेथील अंतर्गत खात्याने जानेवारी २०२० मध्ये सुमारे ८०० ड्रोन जमिनीवर उतरविले. पण वणव्यासारख्या आपत्तींसाठी सवलत ठेवावीच लागली. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने संघराज्याच्या खात्यांना चिनी ड्रोन घेण्यास मनाई केली. फ्लोरिडा राज्याने त्याच वर्षी असा निर्बंध घातला, तेव्हा पोलीस व अग्निशमन दलांची चालू यंत्रे निकामी ठरली आणि बदलीसाठी राज्याला पैसा द्यावा लागला. सुरक्षिततेला किंमत असते. ती अंदाजपत्रकात दाखविली नाही, तर निविदेत लपविली जाते.

शिवाय पुरवठाही परक्याच्या मर्जीवर आहे. चीनने सप्टेंबर २०२३ पासून ड्रोनच्या काही भागांच्या आणि एप्रिल २०२५ मध्ये काही दुर्मिळ मृदा-धातू व चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली. मोटारीतील चुंबक हेरगिरी करीत नाही, पण तो आला नाही तर ड्रोन उडतही नाही. ही दोन संकटे निराळी आहेत. पहिल्यासाठी खरेदीपूर्वी आज्ञावलीची तपासणी आणि भागवार उगमाची यादी हवी. दुसऱ्यासाठी साठा व दीर्घ मुदतीच्या मागणीची हमी.

सीमेवरील ड्रोन आणि शेतात फवारणी करणारा ड्रोन यांना एकच कसोटी लावणे मात्र अनाठायी ठरेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांसाठी किमतीच्या ८० टक्के, परंतु कमाल ८ लाख रुपये साहाय्य ठरले. म्हणजे कडक निर्बंधांमुळे किंमत १० लाखांपुढे गेली, तर त्यावरील प्रत्येक रुपया गटातील बायकांनी भरावयाचा आहे.